लाव शन यांचा शब्द

लाव शन जिना कधी उतरले ते कळायचंच नाही. ॲन आर्बरमधलं आमचं भाड्याचं घर लाकडी होतं आणि त्याची एकेक पायरी कुरकुरायची. मी किंवा विनय उतरलो की शेजारच्या घरालाही वर्दी जायची. लाव शन मात्र भिंतीलगतच्या कडेवर पाऊल टाकत उतरायचे आणि स्वयंपाकघरात वळून बघावं तर मागे उभे असायचे. हातात झाकणाची काचेची बरणी आणि बरणीत गरम पाणी. चहा नाही, कॉफी नाही, नुसतं गरम पाणी. उन्हाळ्यातसुद्धा.

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. मी सांगलीहून इंजिनिअरिंग करून धातुशास्त्रात पीएचडी करायला आलो होतो आणि मुंबईचा विनय प्रधान माझ्याच लॅबमध्ये होता. आमच्या घरातली तिसरी खोली रिकामी होती. आमचे प्रोफेसर डॉ. व्हिटमर एक दिवस म्हणाले की चीनहून एक व्हिजिटिंग स्कॉलर येतायत, त्यांना जागा हवी आहे. असे आले ते. पन्नाशी ओलांडलेली, अंगावर निळं, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं जाकीट, सोबत एकच बॅग. बायको आणि मुलगी शांघायला.

'शन' हे त्यांचं आडनाव. 'लाव' म्हणजे खरं तर म्हातारा, पण ती शिवी नाही. आपण जसं एखाद्याला अण्णा म्हणू तसं. मला ते 'शिआव दे' म्हणायचे. शिआव म्हणजे धाकटा, आणि देशपांड्यातला 'दे' त्यांना पुरायचा. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण वाक्य तोंडात पूर्ण तयार झाल्याशिवाय ते बोलत नसत. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना वाट बघायची सवय लागली. घाईच्या त्या देशात वाट बघायला लावणारा एवढा एकच माणूस मला भेटला.

त्यांच्या सवयी हळूहळू घराच्या झाल्या. संत्र्याच्या साली ते फेकत नसत, खिडकीखालच्या रेडिएटरवर वाळत घालायचे. कशाला, विचारलं तर म्हणायचे, "खोकल्याला." आम्हाला खोकला झाला की त्या उकळून द्यायचे आणि आम्ही प्यालो की नाही ते बघत उभे राहायचे. बर्फ पडलेलं असलं तरी सायकलनंच जायचे. बस फुकट होती, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "बसमध्ये झोप येते," एवढंच उत्तर.

विनय त्यांच्या अगदी उलटा. त्याला माणसांच्या नकला यायच्या. आमचा घरमालक, कॅफेटेरियातली बाई, डॉ. व्हिटमर, सगळे त्याच्या घशात राहायचे. अमेरिकन उच्चार तर असा, की फोनवर कुणाला तो दादरचा आहे असं वाटायचं नाही. त्याच्यामुळे घरात हसू असायचं, हे खरंच आहे. पहिल्या हिवाळ्यात ते नसतं तर मी परत गेलो असतो.

एका शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. जिन्याखालच्या भिंतीवर आमचा फोन होता, तो वाजला. लाव शननी उचलला. "येस सर," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकलं. पुन्हा "येस सर," आणि फोन ठेवला. वर गेले. चहा उकळायला लागावा एवढ्या वेळात खाली आले ते बॅग घेऊन. जाकिटाची सगळी बटणं लावलेली. सिंकपाशी येऊन त्यांनी आपला कप धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. तांदळाची अर्धी पिशवी माझ्या फळीवर सरकवली.

"तू भात खातोस," ते म्हणाले. "हा तुला."

"कुठे निघालात?"

"इमिग्रेशनचा फोन होता. माझ्या परवान्यात काहीतरी चूक आहे. चार वाजता न्यायला येतायत."

मी म्हटलं, असं कुणी शनिवारी न्यायला येत नाही, आपण आधी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला विचारू. त्यांनी मान हलवली आणि दारापाशी खुर्ची ओढून बसले. हात गुडघ्यांवर. चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. आपल्याला कधी ना कधी न्यायला येणार हे ठाऊक असलेला माणूस बसतो तसे ते बसले होते, आणि मला खरं तर त्याचीच भीती वाटली.

थोड्या वेळानं विनय आला. दारातच हसत म्हणाला, "काय लाव शन, फॉरेन टूर वाटतं?" मग त्याचं लक्ष बॅगेकडे गेलं. कपाटातल्या त्या धुतलेल्या कपाकडे माझी नजर गेली आणि त्याचीही.

"अरे यार," तो मला मराठीत म्हणाला, "मी लॅबमधून फोन केला होता. मला वाटलं हे ओळखतील. पॅक कसलं करतायत?"

"मला काय सांगतोस," मी म्हटलं. "त्यांना सांग."

त्यानं सांगितलं. लाव शननी सगळं ऐकून घेतलं. जाकिटाचं वरचं बटण काढलं आणि विनयकडे बघून अगदी शांतपणे एक शब्द म्हणाले.

"ग्वोह्वो."

मग त्यांच्या लक्षात आलं की आम्हाला समजलेलं नाही. ते उठले, शेगडी पेटवली आणि ज्योतीकडे बोट केलं. "ह्वो. आग." मग बटण मोठं करत करत ज्योत भांड्याच्या कडेपर्यंत नेली. "ग्वो. पुढे गेली. पाहिजे त्याच्या पुढे." ज्योत पुन्हा बारीक केली. "घरात, मित्रांत आम्ही असं म्हणतो. कुणी जास्त बोललं, जास्त मस्करी केली. आग पाहिजे, विनय. आग नसेल तर भात कच्चा. पण ग्वोह्वो नको."

विनयनं सॉरी म्हटलं. लाव शननी तांदळाची पिशवी माझ्या फळीवरून काढून पुन्हा आपल्या फळीवर ठेवली आणि त्या संध्याकाळी तिघांसाठी भात केला.

तेव्हापासून तो शब्द घरात राहायला आला. मी थर्मोस्टॅट वाढवला की लाव शन स्वेटरकडे बोट दाखवून म्हणायचे, "शिआव दे, ग्वोह्वो." आमटीत तिखट जास्त पडलं की ग्वोह्वो. एप्रिलमध्ये बर्फ पडलं, तेव्हा ते दारात उभे राहून आभाळालाच म्हणाले. विनय लॅबमध्ये म्हणायला लागला. आपल्याकडे 'अती होतंय' म्हणतात तेच, पण 'अती' म्हणताना आपला आवाज चढतो. लाव शनचा उतरायचा.

मला मात्र तो नीट कधी जमला नाही. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. एकदा ते जाकिटाच्या कोपरावर ठिगळ शिवत बसले होते, म्हणजे आधीच्या ठिगळावर दुसरं ठिगळ. मी ऐटीत म्हटलं, "लाव शन, ग्वोह्वो!" त्यांनी जाकिटाकडे पाहिलं, कॉलर उलटी करून आतलं लेबल वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हो. शांघायचंच आहे." माझ्या सुरात त्या शब्दाचा अर्थ 'स्वदेशी माल' असा झाला होता. लाव शनना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. सुई बाजूला ठेवावी लागली त्यांना. माझे आजोबा खादीवाले होते, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तू बरोबरच बोललास."

त्या दिवाळीला आम्ही त्यांना कुलकर्णी काकूंकडे घेऊन गेलो. काकूंचे यजमान तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि आम्हा विद्यार्थ्यांना सणावारी त्यांचंच घर. त्यांची मुलगी मीना, बारा वर्षांची, तिथंच जन्मलेली. फराळ झाल्यावर काकूंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पाठ केलेली कविता म्हणायला लावली. पोरीला 'ळ' म्हणता येईना. 'बाल' म्हणाली.

"बाळ," काकू म्हणाल्या. "पुन्हा म्हण."

"बाल."

"जीभ वर घे, मीना. पाहुणे थांबलेत. पुन्हा."

असं चार-पाचदा झालं. पाहुणे चिवडा चघळत कौतुकानं बघत होते. मीनाचे कान लाल झाले होते. लाव शन माझ्या शेजारी बसले होते, ते हळूच तो शब्द म्हणाले आणि मग उठून तिच्याजवळ गेले.

"मला शिकव," ते म्हणाले. "काय शब्द आहे?"

"It's बाल," मीना म्हणाली. "I mean, I can't really say it."

लाव शननी प्रयत्न केला. त्यांच्या तोंडून जे निघालं त्यात ळ नव्हता, ल नव्हता, काहीतरी तिसरंच होतं. पुन्हा केला. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून. मीना फिस्सकन हसली. पुढची दहा मिनिटं ती त्यांना शिकवत होती आणि कविता राहून गेली. निघताना तिनं त्यांना विचारलं, "What did you say before? That word?" त्यांनी तिला सांगितला, सुरासकट.

पंधरा दिवसांनी काकूंचा मला फोन. "अरे, तुमच्या त्या चिनी काकांनी काय शिकवलंय हिला? पियानोचा क्लास म्हटलं की ग्वो का काय ते म्हणते." मी अर्थ सांगितला. "म्हणजे अती होतंय, असंच ना? मग मराठीत म्हणावं की." पण क्लास आठवड्यातून दोनाचा एक झाला होता, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

डॉ. व्हिटमरांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ते वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्यांच्या लेखावर स्वतः रात्र घालवायचे, नोकरीसाठी फोन करायचे. पण चूक सापडली की त्यांच्यातलं काहीतरी सुटायचं. शुक्रवारी दुपारी आमची ग्रुप मीटिंग असायची आणि त्या मीटिंगला जाताना सगळेच आपापले आकडे पुन्हा पुन्हा तपासत असायचे. लाव शनना वर्षभरासाठीच बोलावलेलं होतं. त्यांचं काम अर्ध्यावर होतं आणि आणखी एक वर्ष ठेवून घेतो, असं डॉ. व्हिटमरांनी त्यांना दोनदा तोंडी सांगितलं होतं. चिनी सरकारची हरकत नव्हती, फक्त इथून होकार जायचा होता. त्या वर्षात बायकोलाही बोलावता येईल, असं लाव शन मला एकदा म्हणाले होते. आणि लगेच बरणीत पाणी भरायला उठले होते.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी विनय आपले निकाल मांडत होता. हिवाळाभर त्यानं एका मिश्रधातूचे नमुने भट्टीत तापवून मोजमाप घेतलं होतं. भट्टीचं तापमान दाखवणारी तार बिघडली होती आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. डॉ. व्हिटमरांच्या लक्षात दुसरा आलेख बघतानाच आलं.

"हे तापमान तू स्वतः वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"येस."

"मग आम्हालाही वाचून दाखव. पहिल्यापासून."

विनयनं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक आकड्यानंतर डॉ. व्हिटमर म्हणत, "हे शक्य आहे?" आणि विनयला "नाही" म्हणावं लागे.

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू येत नाही."

मागून कुणीतरी हसलं. विनयचा, त्या सगळ्यांच्या नकला करणाऱ्या विनयचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझ्या हातातल्या पेनाकडे बघत बसावं लागलं. आणखी एक आकडा. शक्य आहे? नाही. पुन्हा, मोठ्यानं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लाव शन उभे राहिले होते. एरवी मीटिंगमध्ये ते विचारल्याशिवाय बोलत नसत. दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटलेले.

"ग्वोह्वो," ते म्हणाले. मग इंग्रजीत, "टू फार."

"एक्स्क्यूज मी?" डॉ. व्हिटमर म्हणाले.

लाव शननी नेहमीसारखं वाक्य आधी तोंडात जुळवलं. सगळी खोली थांबली होती. "आलेख चुकलेला आहे, डॉ. व्हिटमर. ते सगळ्यांना कळलं. आता त्याला बसू द्या."

डॉ. व्हिटमरांनी चष्मा काढला. लाव शन बसले नाहीत. शेवटी डॉ. व्हिटमर म्हणाले, "बस, विनय. नेक्स्ट कोण आहे?" विनय बसला आणि त्यानंतर लाव शन बसले.

त्या दिवशी त्यांनी सायकल चालवली नाही. हातात धरून माझ्याबरोबर चालत निघाले. विनय पुढे निघून गेला होता. नदीवरच्या पुलापाशी आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही बोललात ते बरं झालं. पण तुमच्या पुढच्या वर्षाचं काय?"

ते उत्तर देईपर्यंत आम्ही पूल ओलांडला.

"माझे एक शिक्षक होते," ते म्हणाले. "मी त्यांच्याच संस्थेत कामाला लागलो. मग ती सांस्कृतिक क्रांतीची वर्षं आली. एक दिवस मोठी सभा भरली आणि विद्यार्थ्यांनी त्यांना बाकावर उभं केलं. गळ्यात पाटी. आपले गुन्हे वाच म्हणाले. ते वाचायचे. मोठ्यानं वाच म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत होतो. हाच शब्द माझ्या तोंडात आला होता, शिआव दे. इथपर्यंत." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "मोठा शब्द नाही. आई मुलाला म्हणते असा शब्द. पण बाहेर नाही आला."

"बोलला असतात तर तुम्हालाही नेलं असतं."

"नेलंच. नाही बोललो तरी नेलं. पाच वर्षं डुकरं राखली." हे सांगताना ते थोडे हसले. "सभा संपल्यावर सर माझ्याजवळून गेले. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, भट्टी बंद केलीस का? सकाळी मी भट्टी लावली होती ना. तेवढंच विचारलं. मी शेतावर असताना ते गेले."

सायकलच्या चाकाला बर्फ चिकटलं होतं, ते त्यांनी बुटानं झाडलं.

"आज बोललो, त्याला अठरा वर्षं उशीर झाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं बघू."

पुढच्या सोमवारी डॉ. व्हिटमर स्वतः लॅबमध्ये आले, विनयच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि दोघांनी मिळून भट्टीची नवी तार जोडली. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. पण त्यानंतर आमच्या मीटिंगमध्ये कुणाला उभं करून वाचायला लावलेलं मी पाहिलं नाही. लाव शनशीही ते अदबीनं वागत, किंबहुना आधीपेक्षा जास्तच. फक्त मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षाचं जमणार नाही, बजेट नाही. कदाचित खरंच नसेल. आम्हाला ते कधी कळलं नाही.

विनय पेटून उठला. "मी जाऊन सांगतो त्यांना. डीनकडे जातो. हे माझ्यामुळे झालंय."

लाव शन भाजी चिरत होते. "तू तुझं काम पुरं कर," ते म्हणाले. "ते तुझ्या शेजारी स्टुलावर बसले. त्यांच्या वयाच्या माणसाला तेवढं वाकणं सोपं नसतं. आता आणखी वाकवायला गेलास तर तू ग्वोह्वो करशील."

विनय डीनकडे गेला नाही. त्या वसंतात त्यानं सगळे नमुने पुन्हा तापवले, आणि शनिवार-रविवारी लाव शन त्याच्याबरोबर लॅबमध्ये असायचे. स्वतःचं अर्धं राहिलेलं काम त्यांनी माझ्या हवाली केलं. माझ्या प्रबंधाचा तिसरा भाग म्हणजे खरं तर त्यांची सुरुवात आहे, आणि पहिल्या पानावर तसं मी लिहिलंही आहे.

जूनमध्ये ते निघाले. विनयनं एक जुनी गाडी घेतली होती, तिच्यातून आम्ही त्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावर नेलं. त्या काळी पोचवायला आलेल्यांना अगदी गेटपर्यंत जाता यायचं. लाव शन खिडकीतून कारखाने बघत होते आणि कुठल्या चिमणीखाली काय वितळत असेल याचा अंदाज सांगत होते. गेटवर आम्ही तिघं ओळीनं बसलो. मुलीसाठी घेतलेले बर्फावरचे बूट त्यांनी मांडीवर ठेवले होते. तिच्या पायाचं माप त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून एक नंबर मोठे घेतले होते.

विमानाची घोषणा झाली. त्यांनी बूट खुर्चीवर ठेवले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मग विनयकडे वळले. विनय एकदम खाली वाकला. देवळात गेला तरी बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा हा मुलगा, त्याला कुणाच्या पाया पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. लाव शनना आपली ही पद्धत ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं त्याचं काही पडलं. तेही लगबगीनं वाकले आणि गालिच्यावर हात फिरवून शोधायला लागले.

"काय पडलं?" त्यांनी विचारलं.

विनयचा हात त्यांच्या पायातल्या बुटांवर होता. त्याला वर बघवेना.

"काही नाही," तो म्हणाला. "सापडलं."

"नक्की?" लाव शननी आणखी एकदा खुर्चीखाली नजर टाकली, मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, मुलीचे बूट काखेत घेतले आणि बाकीच्या प्रवाशांच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.